राखणीची पाळी सगळ्या घरांची

बोरोबुदूर पाहून आलेले आपले उपासक-उपासिका त्या महास्तूपाच्या ५०४ बुद्धमूर्ती, ७२ लहान स्तूप आणि भिंतींवरची कोरीव चित्रे यांचे वर्णन करताना थकत नाहीत. ते योग्यच आहे. परंतु दगडातला बुद्ध पाहून झाल्यावर, त्याच जावा बेटावर आज बुद्धाला शरण गेलेली जिवंत माणसे कशी राहतात, त्यांचे घर, शेत, लेकरेबाळे सुखरूप आहेत का, हे विचारायला फार थोडे थांबतात.

बोरोबुदूरहून उत्तरेकडे तास-दीड तास गाडीने गेले की तमांगुंग जिल्हा लागतो. सुंबिंग आणि सिंदोरो हे दोन ज्वालामुखी डोंगर भावाभावांसारखे शेजारी उभे आहेत. त्यांच्या उतारावर तंबाखू, खालच्या टेकड्यांवर कॉफी. या जिल्ह्यातल्या कालोरान तालुक्यात झाडीत दडलेल्या कित्येक वाड्यांवर बौद्ध कुटुंबे राहतात. गेतास गावची क्रेचेक ही वाडी तर बहुसंख्य बौद्धांचीच. विहाराला ते 'विहारा'च म्हणतात, वैशाखाला 'वाइसाक'. मशीदही जवळच असते, काही ठिकाणी चर्चही. २०१० च्या जनगणनेत सगळ्या इंडोनेशियात बौद्ध जेमतेम १७ लाख, लोकसंख्येच्या शंभरात एकही नाही. यातले बहुतेक शहरांतले चिनी वंशाचे. कालोरानचे बौद्ध मात्र खेडूत जावानीज शेतकरी आहेत.

हे बौद्ध झाले कसे, याला एक काळी बाजू आहे. १९६५-६६ साली त्या देशात कम्युनिस्ट म्हणून माणसे वेचून मारली गेली. किमान पाच लाख बळी गेले असे अभ्यासक मानतात. त्यानंतर ज्याच्या नावापुढे सरकारमान्य धर्म नाही तो संशयित ठरू लागला. जावातल्या अनेक खेडुतांनी त्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या धर्माची नोंद केली, आणि काहींनी बुद्धाचा मार्ग धरला. आपले १९५६ चे धर्मांतर मानाने, उघड मैदानात, लाखोंच्या साक्षीने झाले. तिथे भीतीचाही वाटा होता. पण नातवंडांच्या पिढीत आज तिथे जे त्रिशरण-पंचशील म्हटले जाते ते भीतीने नव्हे.

आता राखणीकडे येतो. खरे तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

जावाच्या वाडीवर शिरताना रस्त्याच्या कडेला चारपाच माणसे बसतील एवढी एक चौकी दिसते. वर कौले किंवा पत्रा, खाली बाकडे, आणि आढ्याला टांगलेला लाकडाचा किंवा बांबूचा पोकळ ठोकळा. त्याला केंतोंगान म्हणतात. दांडक्याने ठोकला की आवाज टेकडीपलीकडे जातो. त्याचे संकेत ठरलेले असतात. साधारणपणे दोन-दोन ठोके म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर, दरड असले संकट, आणि पाच-पाच म्हणजे जनावराची चोरी. जनावराला वेगळा ठोका आहे यावरूनच गरिबाच्या घरात मोलाचे काय ते समजावे.

रात्रीच्या गस्तीला ते 'रोंदा' म्हणतात. कोणत्या रात्री कोणत्या घरांची पाळी, याचा तक्ता चौकीत लावलेला असतो. त्यात शिक्षक येतो, दुकानदार येतो, शेतमजूर येतो. मुसलमान येतो, बौद्ध येतो. पाळी चुकली तर अनेक वस्त्यांत दंड भरावा लागतो. गस्तीवाले घरोघर फिरताना एक काम आणखी करतात. प्रत्येक घराबाहेर एक लहानसा डबा किंवा वाटी टांगलेली असते, घरातल्या बाईने त्यात चिमूटमूठभर तांदूळ टाकून ठेवलेला असतो. तो गोळा करायचा. याला 'जिम्पितान' म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी तांदळाऐवजी नाणे असते. त्या पैशातून चौकीचा दिवा, कुणाचे आजारपण, कुणाची मयत, रस्त्याची डागडुजी असा खर्च निघतो. आणि ज्या घराचा डबा रिकामा, त्या घरी काही अडचण आहे का, हेही रात्रीतल्या रात्री कळते.

हे वाचताना आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वेस आठवल्याशिवाय राहणार नाही. राखण आपल्या गावांतही होती. वेशीवर रात्र जागून काढणारा वेसकर कोण होता? आपलाच आजा-पणजा. गावाचे सोने-नाणे, गुरेढोरे, पिके त्याने राखली; सरकारी वसूल तालुक्याला त्याने पोचवला; शेताच्या बांधाचे भांडण झाले की हद्द त्यालाच विचारली. आणि त्याचे स्वतःचे घर? वेशीबाहेर. त्याच्या घराची राखण करायला कुणी नव्हते. मोबदला म्हणून तुटपुंजी वतनाची जमीन आणि शिळेपाके बलुते. हे वतन म्हणजे गुलामीचा साखळदंड आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या पश्चात.

जावातही डच अमलात पहारा वेठीचाच होता. पण वेठ ज्याच्याकडे जमीन त्याच्यावर पडे. गावचा जमीनदार शेतकरी रात्री पहाऱ्यावर आणि भूमिहीन मोकळा! आपल्याकडे नेमके उलटे होते.

वतनासारखी एक गोष्ट तिथेही आहे. गावचा मुखिया आणि त्याचे कामगार यांना पगाराच्या जागी किंवा पगाराबरोबर गावची जमीन कसायला मिळते. तिला 'बेंगकोक' म्हणतात (थायलंडच्या राजधानीशी याचा संबंध नाही). मात्र ती जमीन माणसाची नसते, पदाची असते. पद गेले की जमीन गावाकडे परत. मुखिया मतदानाने निवडला जातो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत आठ वर्षांची झाली आहे आणि दोनदाच ते पद घेता येते.

बाकी शेतकऱ्याची जमीन फार थोडी. जावावरच्या बहुतेक कुटुंबांकडे अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकरसुद्धा नाही. १९६० च्या जमीन कायद्याने मालकी हक्काची नोंद सांगितली, पण खेड्यातल्या लाखो कुटुंबांकडे पिढ्यानपिढ्या केवळ गावदप्तरातली नोंद आणि कर भरल्याची पावती एवढेच होते. २०१७ पासून सरकारने सरसकट मोजणी करून दाखले देण्याची मोहीम घेतली. दाखला हातात आला की बँक दारात उभी राहते. कर्ज सहज मिळते आणि फिटले नाही तर तोच दाखला जातो. कागद नसला तर जमिनीची भीती, असला तर कर्जाची. हे दुखणे आपल्या शेतकरी बांधवांना समजावून सांगायला नको.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र जावाचा रिवाज आपल्या डोळ्यांत अंजन घालील असा आहे. मुलगी वाटणीतून बाद होत नाही. काही घरांत मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक असे आहे, पण अनेक कुटुंबांत सरळ सारखे वाटे होतात. लग्नानंतर दोघांनी मिळून कमावलेले ते 'गोनो-गिनी', म्हणजे दोघांचे. काडीमोड झाली तर बाईचा वाटा तिच्याकडे जातो. १९७४ च्या विवाह कायद्यानेही संसारात कमावलेली मालमत्ता सामाईक मानली आहे. आपल्याकडे बाईला वारसा मिळावा म्हणून झगडताना बाबासाहेबांना १९५१ साली मंत्रिपद सोडावे लागले होते, हे भगिनींना वेगळे सांगणे न लगे. रात्रीच्या गस्तीत बायका सहसा नसतात. त्यांची सत्ता 'आरिसान'मध्ये. आरिसान म्हणजे चक्क आपली भिशी! दर महिन्याला एकेकीकडे जमायचे, पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची. कोण बाळंतीण, कुणाच्या घरी मारझोड, कुणाचे पोर शाळेत जात नाही, हे तिथेच कळते. घर बांधायचे असले की शेजारी मजुरी न घेता कौले चढवतात आणि बायका सगळ्यांचा स्वयंपाक करतात.

पण खेड्याच्या प्रेमात पडू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे खडसावले, ते जावालाही लागू आहे. शेजाऱ्यांचे जे गट (त्यांना 'आर.टी.' म्हणतात) आज आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, त्यांची घडण दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने केली, ती माणसांवर नजर ठेवण्यासाठी. १९६५ साली शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचे नाव दिले. आजही हाती सापडलेला चोर पोलिसांपर्यंत जिवंत पोचेलच असे नाही. जमाव त्याला जागेवर ठेचतो. चोरही गरिबाचाच मुलगा असतो.

अल्पसंख्याकांची भीती वेगळीच. २००६ च्या नियमाप्रमाणे नवे प्रार्थनास्थळ बांधायचे तर ९० उपासकांची नावे आणि शेजारच्या ६० जणांचा पाठिंबा लागतो. चाळीस घरांच्या वाडीने हे आकडे कुठून आणायचे? शेजार चांगला असेल तर विहार उभा राहतो, नसेल तर नाही. जानेवारी १९८५ मध्ये बोरोबुदूरवरच बॉम्ब फुटले आणि काही स्तूप उद्ध्वस्त झाले. जुलै २०१६ मध्ये उत्तर सुमात्रातल्या तांजुंग बालाई गावी मशिदीच्या भोंग्याच्या आवाजाबद्दल एका बौद्ध बाईने तक्रार केल्याचे निमित्त झाले आणि जमावाने अनेक विहार जाळले, फोडले. पुढे त्या बाईलाच दीड वर्षाची शिक्षा झाली.

कालोरानच्या वाड्यांवर हे घडले नाही. तिथे रमजानपूर्वी 'न्याद्रान' असते. सगळी वाडी मिळून दफनभूमी झाडते, गवत काढते. एकाच जागेत बौद्धांचे आणि मुसलमानांचे वाडवडील पुरलेले असतात. घरोघरचे जेवण टोपल्यांतून तिथे येते, दोन्हीकडच्या प्रार्थना होतात आणि मग पंगत बसते.

वैशाख पौर्णिमेला मेंदुत ते बोरोबुदूर मिरवणुकीला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी जमल्यास या बाजूला एक मुक्काम करावा. मात्र वाडीच्या तोंडाशी पाटी असते: पाहुण्याने २४ तासांच्या आत नोंद करावी. ज्या घरी उतराल त्या यजमानाला बरोबर घेऊन आधी गटाच्या प्रमुखाकडे जावे, पासपोर्ट दाखवावा. रात्री ठोके ऐकू आले तर घाबरून जाऊ नये, आधी मोजावेत.