कूलर उघडला त्याची टिपणं

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे आमच्याकडे सुट्टी लांब, आणि दुपार तिच्याहून लांब. बहिणीची दोघं ठाण्याहून परतवाड्याला आली आहेत. ओवी तेरा वर्षांची, कबीर दहाचा. अकरा ते पाच दारं-खिडक्या बंद. हातातला मोबाइल काढून घ्यायचा, तर त्या जागी द्यायचं काय?

*

कबीरला शकुंतला रेल्वे बनवायची आहे. अचलपूरचं स्टेशन बघून आल्यापासून डोक्यात तेच. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, दोन रुळांत अंतर अडीच फूट. अंगणात खडूने तेवढ्या अंतरावर रेघा ओढून दाखवल्या, तर म्हणाला, "एवढीशी?" 1921 साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन या गाडीला 1994 पर्यंत ओढत होतं. आता गाडीच बंद आहे. वाफ कोंडलेला डबा मी घरात तापवू देणार नाही, आणि पुठ्ठ्याची केली तर ती शोकेसमध्ये जाऊन बसणार.

*

सायकल. पुढे 44 दाते, मागे 18. पेडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. ओवीने खडूच्या खुणा करून मोजलं: 5 मीटर 40. छान झालं, पण एकाच सकाळी माझ्या लक्षात आलं की पाना माझ्याच हातात आहे. सायकल मला पाठ आहे, म्हणून मी सारखा "असं नाही, असं" म्हणतोय. आपल्याला येतं ते काम पोरांसोबत काढू नये.

शिलाई मशीन बायकोचं. विचारण्याआधीच नाही म्हणाली.

*

मग गच्चीवरचा जुना कूलर. लोखंडी पत्र्याचा, तळाला गंजलेला, पंप गेलेला. त्याच्यातलं मला निम्मंच कळतं. आणि तो चालू झाला तर मागच्या खोलीत आई झोपू शकेल. कोणीतरी वाट बघत असलेलं काम, एवढी एक अट मी ठरवली. प्रदर्शनात मांडायची वस्तू नको.

आईला मात्र पटलं नाही. "काहून रे बाप्पा, लेकराईच्या हाती पाना देतं काय?"

*

नियम एकच. वायर सॉकेटमध्ये नाही, खाटेवर आमच्यासमोर पडलेली दिसली पाहिजे. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पंखा, नळी, ताट्या, टाकी, स्टँड हे पोरांचं. मोटर, कंडेन्सर आणि अर्थिंगला ओळखीचा मिस्त्री. त्याला काम करताना बघायचं, पण हात पाठीमागे.

*

ठाण्याच्या पोरांना कूलर म्हणजे ओला पंखा वाटला होता. तिथे हवेतच पाणी, कूलर करणार काय? शाळेतल्या एका मित्राकडून दोन थर्मामीटर आणले. एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून पुठ्ठ्याने वारा घातला. सुकं 42, ओलं 23. कबीरने चिंधी सोडून पुन्हा बांधली, त्याला खोटं वाटलं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी लागते, आणि कूलर ती हवेतून काढून घेतो. हा हिशेब ओवीने मांडला, मी फक्त गुणाकार तपासला. पूर्वी दाराला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचे, तेही हेच. आता वुडवूल. वास गेला.

*

पाच दिवस गंज खरवडला. हे कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकात नसतं. टाकीला आतून डांबर लावलं, कबीरच्या कोपरावरचं अजून निघालेलं नाही.

*

स्टँड हलत होता. वेल्डरकडे नेण्याआधी अरविंद गुप्ता आठवले. 1978 साली ते पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबने जोडायचं खेळणं सुचलं. इथून बैतूलचा रस्ता धरला की सातपुड्याच्या पलीकडे तेच गाव. व्हॉल्व्हट्यूब आणली. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. ओवी उठली, स्टँडकडे गेली आणि दोन पायांमध्ये बोटाने तिरपी रेघ काढून दाखवली. लाकडाच्या गावात पट्टीला काय तोटा! सागाचा एक तुकडा, चार बोल्ट. आता स्टँड हलत नाही. मी एक शब्द बोललो नव्हतो, याचा मला फार अभिमान आहे.

*

सगळ्यात जास्त वेळ फ्लोटवर गेला. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो, त्याचा दांडा नळाचं तोंड दाबतो. कबीर तासभर गोळा हाताने वर-खाली करत बसला. दांडा किंचित वाकवला की टाकी किती भरते ते बदलतं, हे त्याने स्वतः शोधलं. तरी थेंब-थेंब गळतंच. वॉशर बदलून पाहिला. खाली तांब्या ठेवलाय, तुळशीला जातं ते पाणी.

*

आई कूलरसमोर झोपली. आवाज फार करतो म्हणाली. बंद मात्र करू दिला नाही.

*

पोरं ठाण्याला परत गेली. चौथ्या दिवशी बहिणीचा फोन. कबीरने संडासातल्या फ्लशची टाकी उघडली आहे, आत तसाच गोळा निघाला, आणि आता दांडा परत बसत नाहीये. "दादा, तूच सांग, कुठे अडकवायचा तो?" मी म्हटलं, त्याला फोन दे.