पोपटातला प्राण आणि सतरा अक्षरे

हायकू ही अल्पाक्षरी कविता आहे, हे विधान आपल्याकडे इतक्यांदा केले गेले आहे की अल्पाक्षरत्व हीच तिची व्याख्या वाटू लागते. वस्तुतः अल्पाक्षरत्व हा परिणाम आहे, कारण नव्हे. सतरा ध्वनिघटकांत कविता उभी राहू शकते ती तिचा बराचसा भार तिच्याबाहेर कोठेतरी पेललेला असतो म्हणून. काही वर्षांपूर्वी लहानपणी ऐकलेल्या एका अद्भुतकथेवर मी हायकू लिहू लागलो, तेव्हा ही गोष्ट मला सिद्धांत म्हणून नव्हे, तर लेखनातली अडचण म्हणून भेटली. त्या अडचणीचा विचार येथे करावयाचा आहे.

कथा वाचकांच्या परिचयाची असेल. राक्षस मारला जात नाही, कारण शस्त्र त्याच्या देहाला लागते, प्राणाला लागत नाही. प्राण सात समुद्रांपलीकडे एका पोपटात ठेवलेला असतो. राजपुत्र तेथे पोचतो, पोपटाचा पंख उपटतो आणि इकडे राक्षसाचा हात गळून पडतो. शेवटी तो पोपटाची मान मुरगळतो आणि राक्षस कोसळतो. आजी ही गोष्ट सांगे तेव्हा मला राक्षसाचे भय वाटत नसे. मी एकच विचारी : हे सारे त्या पोपटाला ठाऊक असते का? आजीचे उत्तर ठरलेले होते, ‘त्याला कशाला ठाऊक असेल? तो आपला पेरू खात असतो.’

हीच कथा मेरी फ्रिअर यांच्या ‘ओल्ड डेक्कन डेज’ (१८६८) या संग्रहात ‘पंचकिन’ या नावाने आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या या कन्येला ती ॲना लिबेराता डिसूझा या आयेने सांगितली. ॲनाचे आजोबा मूळचे लिंगायत कुटुंबातले होते आणि गोव्याकडे आल्यावर ते ख्रिस्ती झाले होते. ॲनाने या गोष्टी आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या. ‘पंचकिन’मध्ये राक्षसाऐवजी जादूगार आहे. घनदाट अरण्यात ताडांचे वर्तुळ आहे, त्याच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या सहा घागरी एकीवर एक रचलेल्या आहेत आणि सर्वांत खालच्या घागरीच्या तळाशी पिंजरा आहे. फ्रेझरने ‘द गोल्डन बाव’मध्ये देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाची चर्चा करताना या कथेचा आधार घेतला. लालबिहारी दे यांच्या बंगाली लोककथासंग्रहात (१८८३) राक्षसांचा प्राण पोपटात नसून भुंग्यांत आहे. प्राणाचे पात्र प्रांतागणिक बदलते, पण तो देहात नसणे मात्र कायम राहते.

आता हायकूकडे वळू. ज्याला आपण हायकू म्हणतो ते मुळात ‘होक्कु’, म्हणजे अनेक कवींनी मिळून रचलेल्या साखळीकाव्यातील पहिले कडवे. बाशोच्या (१६४४–१६९४) काळी त्याच्या पुढे दुसऱ्याचे कडवे यावयाचे असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने त्याला साखळीतून सोडवून ‘हायकू’ हे नाव रूढ केले. साखळी सुटली तरी बाहेरचा आधार सुटला नाही. ‘किगो’ हा ऋतुवाचक शब्द शतकानुशतकांच्या कविता जागवतो. स्थळनामांचेही तसेच. त्याहून जुन्या वाका-परंपरेत ‘होन्काडोरी’ ही पूर्वकवितेतून काही चरण उचलण्याची रीत शास्त्रशुद्धपणे मांडलेली आहे. फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) सांगतो की पाचांपैकी दोन चरण आणि वर तीन-चार अक्षरे इतकेच घ्यावे, आणि विषय बदलावा, म्हणजे ऋतूची कविता असेल तर ती प्रेमाकडे न्यावी. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतील कवींचे मात्र उचलू नये. त्याचे वडील शुन्झेइ यांनी ११९३च्या काव्यस्पर्धेत ‘गेंजी’ न वाचलेल्या कवीविषयी खेद व्यक्त केला होता. कथेतून कवितेकडे जाणारी वाट तेव्हाच राजमार्ग झाली होती.

येथे एक आक्षेप संभवतो. हायकू हा प्रत्यक्ष पाहिलेल्या क्षणाचा आविष्कार असेल, तर राक्षसाची कथा त्यात कशी बसावी? आपल्याकडे शिरीष पै यांच्या लेखनातून रुजलेला हायकूही मुख्यतः निसर्गातल्या दृष्ट क्षणाचा आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकाला सहज पडेल. त्याचे उत्तर जपानी परंपरेतच मिळते. बुसोनने (१७१६–१७८४) माणसाचे रूप घेणाऱ्या कोल्ह्यांवर होक्कु लिहिले आणि यथादृष्ट चित्रणाचा आग्रह धरणाऱ्या शिकीनेच त्याच्या कल्पनासौंदर्याचा गौरव केला. तेव्हा अडचण अद्भुताची नाही, कथनाची आहे. कथा ‘मग काय झाले’ यावर चालते. हायकूत ‘मग’ नसते.

मोजणीचाही प्रश्न होता. जपानी ‘ओन’ म्हणजे आपले अक्षर नव्हे. ‘टोक्यो’ आपल्याला दोन अक्षरी, पण जपानी मोजणीत तो चार घटकांचा शब्द आहे. मात्रांनी मोजले तर आपल्याकडेही तो चारच भरतो. म्हणजे ‘ओन’ हा मात्रेला जवळचा आहे. तरीही मी पाच-सात-पाच अक्षरेच धरली. सहा-सहा-सहा-चार अशा अभंगाने घडवलेला मराठी कान अक्षरे मोजतो, आणि रचना त्या कानासाठी होती.

राक्षस आणि राजपुत्र हे दोन्ही शब्द वापरायचे नाहीत, असे मी ठरवले. तेइकाच्या नियमाला धरून विषय बदलायचा होता. कथा पराक्रमाची, तर कविता वाट पाहण्याची व्हावी. कथा ज्या जागी थांबत नाही, नेमकी तीच जागा मला हवी होती.

उतरंडीच्या
वरच्या घागरीत
हले आभाळ

कथेत या घागरी केवळ अडथळा आहेत. त्या उतरवायच्या असतात, पाहायच्या नसतात. उतरंडीच्या तळाशी कोण आहे, हे कविता सांगत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला हलणाऱ्या आभाळाखालचा हिरवा अंधार जाणवेल. इतराला एक स्वयंपाकघर दिसेल. दुसरी रचना आजीच्या उत्तरातून आली :

पेंगे पोपट
सात समुद्रांपार
कुणी घोरते

दोन देहांत एकच झोप आहे, आणि त्यांतल्या एकालाही दुसऱ्याची खबर नाही. माझ्या बालपणच्या प्रश्नाचा हा एक प्रकारचा उलगडा होता. पोपटाला ठाऊक नसते हे खरे, पण राक्षसालाही आपला प्राण आत्ता काय करतो आहे हे ठाऊक नसते. अद्भुतकथेतील क्रौर्य या परस्पर-अज्ञानात आहे. हातपाय तुटण्यात ते तितकेसे नाही.

तिसरी रचना मी पदव्युत्तर वर्गात, कवीचे नाव व संदर्भ न देता, वाचावयास दिली.

रिता पिंजरा
पेरूला लागलेली
चोचीची खूण

ज्यांनी कथा ऐकली होती त्यांच्यापैकी काहींना राक्षसाचा मृत्यू लगेच दिसला. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी मात्र ती ऐकलेलीच नव्हती. एका विद्यार्थिनीने लिहिले : ‘पेरू अर्धा टाकून पोपट उडाला. दार कोणी उघडे ठेवले असावे?’ मग मी कथा सांगितली. सर्वांना संदर्भ कळला, पण कविता त्यांच्यासाठी बदलली नाही. कळणे आणि आठवणे यांतले अंतर तळटीप भरून काढू शकत नाही, हे त्या तासाला स्पष्ट झाले. आंतरसंहितात्मकतेची चर्चा करताना आपण पूर्वसंहिता कोठेतरी उपलब्ध आहे असे गृहीत धरतो. ग्रंथालयात ‘पंचकिन’ उपलब्ध आहेच. परंतु हायकूला लागते ती उपलब्ध संहिता नव्हे. झोपेच्या उंबरठ्यावर अनेकदा ऐकून अंगात भिनलेली संहिता त्याला लागते. ती ग्रंथालयातून मिळत नाही.

म्हणूनच मला वाटते की हायकूचे अचूक वर्णन त्या राक्षसाच्या रूपात आहे. त्याचाही प्राण त्याच्या देहात नाही. तो वाचकाच्या स्मृतीत, दूर, कोणत्या तरी पिंजऱ्यात ठेवलेला असतो. म्हणून कवितेचा देह कितीही लहान करता येतो आणि शब्दांची मोडतोड करूनही ती सहसा मरत नाही. पण स्मृती गेली की मात्र ती जागच्या जागी कोसळते, आणि तिच्या देहावर एकही जखम नसते. अशा मरणाचा पुरावा संहितेत सापडणार नाही. समीक्षेने तो वाचकसमूहाच्या स्मृतीत शोधला पाहिजे. आपल्या कवितेच्या अभ्यासक्रमांत लोककथा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या जातात. ही सोय अध्यापनाची आहे, परंतु तिची किंमत अल्पाक्षरी कविता मोजते.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती त्या विद्यार्थिनीच्या वाक्यात आहे. पोपट, भुंगे असा प्राण पात्रे बदलत आला. तसाच तो एका वाचकाच्या स्मृतीतून दुसऱ्या वाचकाच्या कल्पनेतही जाऊ शकतो. तिची कविता माझी नव्हती, पण मेलेलीही नव्हती. आजीच्या कथेत, ॲनाच्या कथेत, राजपुत्र ज्या ज्या वेळी तेथे पोचला त्या त्या वेळी पोपटाची मान मुरगळली गेली. ती कथा ठाऊक नसलेल्या एका वाचकाच्या हाती मात्र तो प्रथमच उडून गेला. हे वाचन चुकीचे ठरवण्याचा अधिकार कवीला आहे काय, हा प्रश्न मी अनुत्तरित ठेवतो. त्या रचनेतला एकही शब्द मात्र मी त्यानंतर बदललेला नाही.