बेचाळिसाव्या वर्षी खासदार

मधू लिमये पहिल्यांदा लोकसभेत गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. १९६४ची बिहारमधल्या मुंगेरची पोटनिवडणूक. त्याआधीची सत्तावीस वर्षं चळवळीत आणि पक्षाच्या कामात गेली होती. संसदेतलं त्यांचं तेज जुन्या माणसांना ठाऊक आहे, नियमांचं पुस्तक हातात घेऊन ते मंत्र्यांना कसे घाम फोडत याच्या आठवणी अजून निघतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली ती आधीची वर्षंच पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात.

जन्म पुण्याचा, १ मे १९२२चा. मुलगा हुशार, लहान वयात मॅट्रिक झाला आणि १९३७ साली फर्ग्युसनमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी कामगार दिनाला पुण्यात मोर्चा निघाला होता. त्यावर हिंदुत्ववादी मंडळी चालून गेली, सेनापती बापट आणि एस. एम. जोशी जखमी झाले. मधूही त्या मोर्चात होता, पुढे त्यांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली. तारखा जुळवताना माझ्या ध्यानात आलं की तो त्यांचा पंधरावा वाढदिवस. त्यांनी त्याचा कुठे गाजावाजा केल्याचं माझ्या वाचनात नाही, पण मला तो दिवस विसरता येत नाही. पंधरा वर्षांच्या पोराने आपल्या पुढाऱ्यांना रक्तबंबाळ झालेलं पाहिलं आणि तो घरी बसला नाही. वर्षभरात तो एसेम आणि नानासाहेब गोरे यांच्याबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाचं काम करू लागला.

ऑक्टोबर १९४० मध्ये युद्धविरोधी भाषणांबद्दल पहिली अटक झाली. वय अठरा. धुळ्याच्या तुरुंगात सुमारे वर्षभर ठेवलं, खटला न चालवता. धुळ्याचा हा तुरुंग मराठी माणसाला वेगळ्या कारणाने माहीत असतो. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आठ वर्षांनी त्याच भिंतींच्या आत एक कॉलेजकुमार बसला होता. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख मोजता येते, स्थानबद्धाला तीही नसते. माफीचा कागद लिहून दिला तर कदाचित उद्या घरी, नाही तर कधी ते सरकारला ठाऊक. अठराव्या वर्षी हे रोज सकाळी नव्याने ठरवायचं, आणि रोज नाही म्हणायचं. राजकारण शिकण्याची याहून कडक शाळा मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, मग १९४२ची ‘चले जाव’ चळवळ. अच्युतराव पटवर्धनांसोबत भूमिगत राहून ‘क्रांतिकारी’ हे पत्र चालवलं. सप्टेंबर १९४३ मध्ये एसेमबरोबर पकडले गेले ते वरळी, येरवडा, विसापूर असे तुरुंग पालथे घालून जुलै १९४५ मध्येच सुटले. पुन्हा खटला नाहीच. अठरा ते तेवीस या वयातली जवळजवळ तीन वर्षं अशी गेली. पदवी राहून गेली, वाचन मात्र अखंड चाललं. १९४७ साली अँटवर्पला जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली, तिथे भारतातून पंचविशीतला हा तरुण गेला होता.

आणि मग गोवा. १९४६ साली राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली होती, पण इंग्रज गेले तरी पोर्तुगीज हलायला तयार नव्हते. १९५५च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन हद्दीत शिरले. जुलैत मधू लिमये गेले. नुकती कुठे तीन वर्षं झाली होती चंपाताईंशी लग्न होऊन. पोलिसांनी बेदम मारलं, महिनोन्‌महिने कोठडीत डांबलं आणि डिसेंबरात लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. लिमयांनी बचाव केला नाही, अपीलही केलं नाही. ज्या राजवटीचा इथे असण्याचा हक्कच मान्य नाही, तिच्या न्यायालयाकडे दाद कसली मागायची?

तेहतीस अधिक बारा म्हणजे पंचेचाळीस. सजा ऐकताना हा हिशेब कुणाच्याही मनात झाला असता. १९५७ साली सुटका होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? या कैदेत त्यांनी रोजनिशी लिहिली. गांधीजींनी आपल्याला किती खोलवर घडवलं आहे याची जाणीव आपल्याला गोव्यात झाली, असं त्यांनी नोंदवलं आहे. मार्क्स वाचून वाढलेल्या, गांधीजींशी मतभेद असलेल्या पिढीतल्या माणसाने मार खाऊन झाल्यावर हे लिहावं, याला माझ्या लेखी मोल आहे. सत्याग्रहाचं तत्त्व सभेत पटणं निराळं आणि लाथा पडत असताना हात न उचलणं निराळं.

मग मुंगेरने त्यांना निवडून दिलं यात मला नवल वाटत नाही. पुण्याचा माणूस, तिथे ना जात कामाची ना गाव. मतदारांना दाखवायला होती ती ही सत्तावीस वर्षं. १९६७ला मुंगेरने पुन्हा निवडलं, नंतर १९७३ आणि १९७७ला बिहारातल्याच बांकाने. पैकी बांकाची पहिली खासदारकी त्यांनी स्वतःहून सोडली. आणीबाणीत ते मध्य प्रदेशातल्या तुरुंगात होते, लोकसभेची मुदत १९७६च्या मार्चमध्ये संपत होती आणि सरकारने ती वर्षभराने वाढवून घेतली. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवलं आहे, सहाव्या वर्षाचा आपल्याला अधिकार नाही, असं म्हणून लिमयांनी तुरुंगातूनच राजीनामा धाडला. त्यांच्यासोबत राजीनामा देणारे शरद यादव तेव्हा तिशीच्या आतले होते.