आधी ठिणगी, मग पेट्रोल

मारुती व्हॅन 1984 साली रस्त्यावर आली आणि 1988 पासून ती ओम्नी झाली. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखालीच असल्यामुळे त्याची तब्येत चालवणाऱ्याला बसल्या जागी कळते. आमची कार्बोरेटरवाली जुनी ओम्नी सिग्नलला थांबली की थरथरायची, मिसिंग मारायची आणि बंद पडायची.

एका गॅरेजात आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. बंद पडणं थांबलं, पण चढाला दम राहिला नाही आणि पेट्रोल जास्त जाऊ लागलं. हा इलाज मला मुळीच मान्य नाही. खरा दोष टायमिंगचा, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेचा होता. ठिणगी उशिरा पडली की पिस्टन खाली निघाल्यावर पेट्रोल जळत राहतं. त्यातली बरीच ताकद सायलेन्सरवाटे वाया जाते आणि इंजिन जास्त तापतं. रेस वाढवून हा दोष फक्त झाकला जातो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी त्या स्क्रूला हातही लावला नाही. "आधी पॉइंट बघूया, कार्बोरेटरचं नंतर," म्हणत त्यांनी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली.

पॉइंटची, म्हणजे आतल्या विजेचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, टाच कॅमवर घासून झिजते. त्यामुळे फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी तर ते उघडतात त्याच क्षणी पडते. म्हणजे कुणी काही केलं नाही तरी टायमिंग हळूहळू मागे सरकतं! म्हणून मिस्त्रींनी आधी पॉइंट घासून साफ केले आणि फीलर गेजने फट लावली. फट नंतर बदलली असती, तर लावलेलं टायमिंग पुन्हा हललं असतं.

मग इंजिन गरम होऊ दिलं. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या प्लगवायरला लावला. त्या लखलखाटात फिरणारं फ्लायव्हील जागीच थबकल्यासारखं दिसतं आणि त्यावरची टायमिंगची खूण वाचता येते. टायमिंग अजूनही मागेच होतं. मिस्त्रींनी बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेला जरासा सरकवला. हे 'जरासा' महत्त्वाचं: क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एकच फेरी होते, म्हणून तो 2 अंश फिरवला की टायमिंग 4 अंश हलतं.

खूण जागेवर येत गेली तशी रेस आपोआप चढली. तेव्हा कुठे त्यांनी आयडलिंगचा स्क्रू मागे घेतला. थरथर गेली होती. बोल्ट आवळताना डिस्ट्रिब्युटर हलू शकतो, म्हणून लाइट पुन्हा लावून पाहिला.

"आता चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघा," मिस्त्री म्हणाले. टायमिंग फार पुढे गेलं तर तिथे इंजिन टकटकतं, आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला इजा होते. पन्हाळ्याच्या चढावर खिडक्या उघड्या ठेवून आम्ही कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती, आणि तिसरा गिअर बदलावा लागला नाही.