आधी क्वांटम, मग बाकीचं फिजिक्स

माझ्या वेळी मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला क्वांटम मेकॅनिक्स होतं. कॉलेजचं फिजिक्स सुरू होतंय न होतंय तोच श्रोडिंजर हजर. हातात काय पडलं? 12.27 भागिले व्होल्टेजचं वर्गमूळ. इलेक्ट्रॉनला 100 व्होल्ट द्या, तरंगलांबी 1.227 अँगस्ट्रॉम, मार्क घ्या, पुढे चला. तरंग कशाचा, हे विचारायला वेळच नसायचा.

आता खोपोलीची माझी मावसबहीण पहिल्या वर्षाला आहे. "ताई, हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे. सोडून बीकॉम करू का?" ती गंमत करत नव्हती. म्हणून रविवारी कर्जतहून खोपोली लोकल पकडायला लागले.

पुस्तकं इतिहासाच्या क्रमाने जातात. 1900 चा प्लांक, 1924 चा द ब्रॉयी, 1926 चा श्रोडिंजर. आधी वंशावळ पाठ करा, मग नवरा बघा! मी ते बाजूला ठेवलं. तिला बारावीचं मॅट्रिक्स येत होतं, तेवढं पुरे.

कर्जतहून खोपोलीला रेल्वेने येता येतं, रस्त्यानेही. दोन्ही चालू असले तर पोचणारी माणसं वाढतात, कमी होत नाहीत. आता माणसाऐवजी फोटॉन घ्या. अर्धा प्रकाश आरपार सोडणारा आणि अर्धा परतवणारा आरसा त्याला दोन वाटा देतो. पुढे तसाच दुसरा आरसा त्या वाटा एकत्र आणतो, आणि त्यापलीकडे दोन डिटेक्टर. फक्त पहिली वाट उघडी ठेवली तर दुसऱ्या डिटेक्टरवर फोटॉन सापडण्याची शक्यता 25 टक्के. फक्त दुसरी ठेवली तरी 25. दोन्ही उघडल्या की?

"पन्नास."

शून्य. कारण इथे शक्यतांची बेरीज होत नाही. प्रत्येक वाटेचा एक आकडा असतो, अँप्लिट्यूड. इथे एकीचा अधिक अर्धा, दुसरीचा उणे अर्धा. आधी बेरीज, मग वर्ग. तिने दोन बाय दोनचं मॅट्रिक्स स्वतःशीच दोनदा गुणलं आणि शून्य आलं. क्वांटम कॉम्प्युटरवाले ज्याला हॅडामार्ड गेट म्हणतात, ते हेच मॅट्रिक्स.

एवढ्यावर सगळं भागत नाही, हेही खरं. हायड्रोजनचा अणू समजायला ऊर्जा, संवेग, लाटा सगळं लागतंच. पण मग ते कशासाठी शिकायचं हे तरी माहीत असतं. मला वाटतं पोरं गणिताला घाबरत नाहीत, कारण न सांगता दिलेल्या गणिताला घाबरतात.

"पण तो गेला कुठल्या वाटेने, हे बघितलं तर?"

मग पन्नास टक्के.

"कोणी बघायला हवं? माणसाने?"

माणूस लागत नाही. कुठल्या वाटेने गेला याची पक्की खूण कुठेही उरली, कोणी वाचली नाही तरी, शून्याचे पन्नास होतात. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली. बीकॉमचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

परीक्षेत यातलं काही येणार नाही. तिथे 12.27 च लागणार. ते पुढच्या रविवारी.