रात्रपाळीचे तास

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकाच्या कामावर रुजू झाले, त्याच महिन्यात मशीनशॉपमधले एक काका पगाराची स्लिप घेऊन आले. "मॅडम, साडेसव्वीस तास ओव्हरटाइम केलाय, इथं अडीचच लागलेत." रोजचे तास त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून ठेवले होते.

एक्सेलची ती शीट आधीपासून चालत आलेली. बेरजेचं सूत्र तपासलं, त्यात काही खोट नव्हती. खोट होती सेलच्या फॉरमॅटमध्ये. एक्सेल तारीख आणि वेळ आकड्यातच साठवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तर १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. पूर्ण दिवस १, म्हणून सकाळचे सहा म्हणजे ०.२५. बेरीज २४ तासांच्या पुढे गेली की साधा फॉरमॅट पूर्ण दिवस दाखवतच नाही, फक्त उरलेले तास दाखवतो. तासाचं अक्षर चौकोनी कंसात घातल्यावर २:३० च्या जागी २६:३० उमटले.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट होती. म्हणजे गळालेल्या २४ तासांचे ४८ तासांचे पैसे. आठवड्याच्या कामाची कायदेशीर मर्यादाही ४८ तासांचीच. माणसाची आठवड्याची कमाई फॉरमॅटपायी बुडत होती!

मग मी सगळीच शीट उलगडली. रात्रपाळीला दहाला आत, सहाला बाहेर. वजाबाकी उणे येई आणि सेलभर नुसती जाळी. तिथे मॉड फंक्शन लावल्यावर आठ तास आले. दराने गुणण्याआधी त्याला २४ ने गुणायचं, नाहीतर आठ तासांची मजुरी एक तृतीयांश तासाची होते. पंचिंग मशीनच्या फाइलमधल्या तारखांची तऱ्हा निराळी. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी असली की ०५/०६ ची नोंद ५ जूनऐवजी ६ मे होते. २५/०६ ला महिनाच सापडत नाही, म्हणून ती नुसता मजकूर होऊन सेलच्या डाव्या कडेला चिकटते. खरी तारीख उजवीकडे असते.

काकांना फरकाची रक्कम पुढच्या पगारात मिळाली. आता हाताखाली नवीन कुणी आलं की मी आधी सेल 'जनरल'वर नेऊन आतला आकडा बघायला शिकवते. ज्याने रात्र जागून काम केलंय, त्याचं एक मिनिटही आपल्या टेबलावर हरवता कामा नये.