सासूबाईंच्या पाठीतलं सिमेंट

सिमेंट म्हटलं, की आपल्याला आठवतो घराचा स्लॅब. माणसाच्या पाठीतही सिमेंट भरतात, हे मला सासूबाईंच्या दुखण्यातच कळलं. वय ७४, हाडं ठिसूळ. साधी बादली उचलली आणि मणका दबला. पट्टा, गोळ्या, विश्रांती असे दोन महिने गेले, तरी कूस बदलताना डोळ्यांत पाणी यायचं.

डॉक्टरांनी सिमेंटचा उपाय सुचवला. फ्रान्समध्ये १९८४ साली त्याची सुरुवात झाली. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत लुटुपुटीच्या उपचारापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नव्हता आणि सिमेंट गळूही शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

"मग कशाला ही जोखीम?" हे म्हणाले.

"पाठ कुणाची दुखतेय रे?" सासूबाईंनी विचारलं. विषय संपला!

पालथं झोपवून, तेवढीच जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत पोकळ सुई मणक्यात नेतात. सिमेंट पातळ असताना घाई केली, तर ते शिरांमध्ये पळतं. म्हणून टूथपेस्टइतकं दाट होईपर्यंत थांबायचं. (पाकाची तार बघत गॅसपाशी उभं राहणाऱ्या आपल्याला हे पटकन समजेल.) मग अगदी थोडं थोडं भरायचं. मणक्याच्या मागेच मज्जारज्जू. सिमेंट मागच्या कडेकडे सरकू लागलं, की हात आवरायचा.

सासूबाईंच्या वेळी ते गळलंच. एक बारीक धार वरच्या चकतीत शिरली. डॉक्टरांनी भरणं तिथेच थांबवलं, आतलं जरा घट्ट होऊ दिलं, सुईचं तोंड फिरवलं आणि मग थोडंसंच भरलं.

"आजी, पाय हलवा बरं."

दोन्ही अंगठे हलले.

बाहेर येऊन त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. असं थोडं गळणं बऱ्याचदा होतं. बहुतेकांना त्रास होत नाही. मात्र पायातली शक्ती गेली, तर तातडीने शस्त्रक्रिया करून नसांवरचा दाब काढावा लागतो. छातीत दुखलं, दम लागला, तर सिमेंटचा कण फुप्फुसात गेला का, ते पाहतात; गरज पडल्यास रक्त पातळ करणारं औषध देतात. ती पहिली रात्र मी त्यांचा श्वास मोजत काढली.

दुसऱ्या दिवशी त्या आधाराने चालल्या. दुखणं निम्म्यावर आलं, पुरतं गेलं नाही. चकतीतल्या सिमेंटमुळे शेजारच्या मणक्यावर ताण येऊ शकतो, म्हणून हाडांसाठी दर सहा महिन्यांनी इंजेक्शन सुरू आहे. पुढचं दिवाळीनंतर. तोवर फळीवरचे डबे मी काढते आणि त्या खुर्चीतून सूचना देतात.